संशोधन, विद्यार्थी आणि निर्यातीचा कायदा

निर्यात म्हटली म्हणजे गोदीत रचलेल्या पेट्या आणि जकातीचे कागद डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेच्या कायद्यात या शब्दाचा अर्थ पुष्कळच व्यापक आहे. लष्करी किंवा दुहेरी उपयोगाचे नियंत्रित तंत्रज्ञान तेथीलच प्रयोगशाळेत परदेशी विद्यार्थ्यास समजावून सांगितले, तरी ती त्याच्या मायदेशास झालेली निर्यात मानली जाते व तीस सरकारी परवाना लागू शकतो. कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्यांना मात्र हा नियम लागू नाही.

विद्यापीठाचे काम मुळात खुले. म्हणूनच १९८५ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या निर्देशाने असे धोरण ठरले की, ज्या मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावयाचे आहेत, त्यावर शक्य तोवर बंधने नसावीत. गुप्तता हवीच असेल, तर ते काम रीतसर गोपनीय ठरवावे. परंतु प्रायोजकाची प्रसिद्धीवरील बंदी विद्यापीठाने मान्य केली, की हे संरक्षण गळून पडते. करारातील असे एखादे कलम साधेच दिसते. त्याचे परिणाम साधे नसतात.

टेनेसी विद्यापीठातील प्राध्यापक जॉन रीस रॉथ यांचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. वैमानिकरहित विमानाच्या पंखांवरील हवेचा प्रवाह प्लाझ्माच्या साहाय्याने नियंत्रित करण्याचे काम हवाई दलाने एका खासगी कंपनीस दिले होते आणि रॉथ त्यात सहभागी होते. त्यांनी एका चिनी व एका इराणी विद्यार्थ्यास या कामाची तांत्रिक माहिती उपलब्ध करून दिली. २००६ साली चीनच्या दौऱ्यावर जाताना काही कागदपत्रेही सोबत नेली. विद्यापीठातील संबंधित अधिकाऱ्याने त्यांना आधीच सावध केले होते. २००८ साली ते दोषी ठरले. २००९ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांना चार वर्षांची कैद झाली, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय कायम केला. वर्गात शिकविणे आणि परवान्याविना निर्यात करणे यांतील अंतर किती थोडे असू शकते, हे येथे दिसते.

भारतातही अशी व्यवस्था आहे. विदेश व्यापार कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर ‘स्कोमेट’ यादीतील रसायने, सूक्ष्मजीव, साहित्य व उपकरणे यांबरोबरच सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानाच्या निर्यातीसही परवानगी आवश्यक असते. मग ते ई-मेलने का पाठविलेले असेना. सार्वजनिक झालेली माहिती व मूलभूत वैज्ञानिक संशोधन यांस तंत्रज्ञानविषयक नियंत्रणातून वगळले आहे. परदेशी संस्थेशी संयुक्त प्रकल्पाचा करार करणाऱ्या विभागाने सहीपूर्वी ही यादी पाहिलेली बरी.