बेणे-टाकीचा थर्मोस्टॅट बिघडला, तर?



बेणेमळ्यासाठी आलेल्या टिपऱ्या आपण ५० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात २ तास ठेवतो. हेतू एकच, बेण्यातून पसरणाऱ्या गवताळ वाढ रोगाला आळा घालणे. हा रोग आला की बेट गवतासारखे फुटते, पाने पिवळट-पांढरी पडतात आणि गाळपालायक ऊस हाती येत नाही. मात्र ५० म्हणजे ५०च! पाणी कमी तापले तर रोग बेण्यात तसाच राहतो, जास्त तापले तर डोळे भाजतात. हा तोल राखण्याचे काम थर्मोस्टॅट करतो.

त्याची रचना साधी आहे. पाण्यात एक छोटी नळकांडी बुडविलेली असते. तिच्यातील द्रव तापला की फुगतो, बारीक तांब्याच्या नळीतून स्विचमधील पडदा दाबतो आणि हीटरचा प्रवाह तुटतो. पाणी निवले की प्रवाह पुन्हा जुळतो.

गेल्या हंगामात चकती ५० वर असूनही एका लॉटचे पाणी टाकीच्या कडेला ४६ अंश भरले. सगळे म्हणाले, "स्विच गेला, बदला." तपासले तर पाणी फिरविणारा पंपच बंद! नळकांडीजवळचे पाणी गरम, कडेचे कोमट. स्विच ठणठणीत होता. तो लॉट आम्ही गव्हाणीत टाकला. बेणे गेले म्हणून काही सभासद नाराज झाले, ते साहजिकच होते. पण मूलभूत बेण्यातील दोष पायाभूत व प्रमाणित बेण्यातून तिसऱ्या वर्षी तुमच्याच रानात उतरतो, हे विसरून चालत नाही.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) चकतीवर भरवसा न ठेवता खात्रीच्या थर्मामीटरने टाकीत चार ठिकाणी तापमान पाहावे. पंप चालू आहे ना, हेही पाहावे.

२) पाणी तापतच नसेल तर आधी फ्यूज व तिन्ही फेज पाहावेत. एक फेज गेला तरी पाणी रेंगाळत तापते.

३) पाणी तापतच राहत असेल तर मेन स्विच ताबडतोब बंद करून टिपऱ्या बाहेर काढाव्यात. नळकांडी जागेवरून सुटली आहे का, तिच्यावर क्षाराचे पुट चढले आहे का, नळी मुडपून किंवा चिरून द्रव गळाला आहे का, ते पाहावे. द्रव गळाला की स्विच तुटत नाही. मग तो बदलावाच लागतो.

४) मेन बंद ठेवून चकती हळू फिरवावी. पाण्याच्या तापमानाजवळ 'टक्' असा आवाज यावा. आवाज येऊनही हीटर चालूच राहत असेल तर कॉन्टॅक्टर चिकटलेला असतो.

स्विच वगळून तारा थेट जोडणे, म्हणजे 'डायरेक्ट' करणे, हा उपाय नव्हे. त्यात बेणे जाते आणि प्रसंगी माणूसही. उघडझाप वायरमनकडूनच करून घ्यावी. अर्थिंग दर हंगामाआधी तपासावे.

आणखी एक. थंड टिपऱ्या सोडल्या की पाणी उतरते. ते पुन्हा ५० वर आल्यावरच २ तास मोजावयाचे. बेणे न्यायला याल तेव्हा लॉटची तापमान-नोंद जरूर मागा. ती दाखविणे हे आमचे कामच आहे.

— ऊस विकास विभाग