प्रदीप नरवाल की पवन सेहरावत? कबड्डीत एक नंबर कोण, हे ठरवायचं तरी कसं

मुखेड : प्रो कबड्डीचा सीझन सुरू झाला की रात्री आठनंतर गावोगावच्या पारावर आणि चहाच्या हॉटेलात एकच वाद रंगतो. कुणी म्हणतं, "प्रदीपसारखा रेडर झाला नाही, होणार नाही." दुसरा म्हणतो, "पवनची उडी बघितली का? पाच जणांच्या डोक्यावरून जातो." तिसरा इराणच्या फजलचं नाव काढतो आणि मग कुणीच कुणाचं ऐकत नाही.

वाद मजेचा आहे, पण नुसता टाइमपास नाही. ज्याला आपण एक नंबर म्हणतो त्याच्यासारखं व्हायला आपली पोरं बघतात. आज गावच्या मैदानावर दहा पोरं जमली तर त्यातल्या आठ-नऊ जणांना रेडच मारायची असते. कोपऱ्यात उभं राहून पकड करायला कुणी तयार नसतं. म्हणून हा वाद नीट, आकडे घेऊन घालू.

कुस्तीत वाद लवकर मिटतो

आपल्या भागाला कुस्ती जास्त ओळखीची. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मामा १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात सतपालविरुद्ध उतरले आणि जिंकले. त्या दिवशी भारी कोण, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. दोनच माणसं, एकच निकाल.

कबड्डीत एका बाजूला सात जण असतात. रेडर पॉइंट आणतो, पण तो बाद झाल्यावर त्याला परत आत आणायचं काम पकड करणारे करतात. त्यामुळं एकट्याचं माप काढणं अवघड जातं.

आधी पॉइंट कसा मिळतो ते बघा

सामना ४० मिनिटांचा, एक रेड ३० सेकंदांची. रेडरनं जितक्यांना शिवलं तितके पॉइंट. समोर सहा किंवा सात जण असतील तर बोनस रेषेचा एक पॉइंट वेगळा. एका रेडमध्ये तीन किंवा जास्त पॉइंट आले की सुपर रेड. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन पॉइंट जादा.

पकड करणाऱ्याला मात्र एका पकडीचा एकच पॉइंट मिळतो. मैदानात तीन किंवा त्यापेक्षा कमी जण उरलेले असताना पकड केली तर सुपर टॅकल, त्याचे दोन. शिवाय साखळी करून तिघांनी रेडरला थांबवलं तरी पॉइंट पकड लावणाऱ्या एकाच्या नावावर लागतो.

म्हणजे रेडरचा आकडा फुगणारच आणि पकड करणाऱ्याचा आकडा छोटाच दिसणार. दहाव्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त रेड पॉइंट होते २७६ आणि सगळ्यात जास्त टॅकल पॉइंट होते ९९. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे सोयाबीनचा उतारा आणि उसाचा उतारा एकाच मापानं मोजल्यासारखं आहे.

प्रदीपच्या बाजूनं

हरियाणाच्या प्रदीप नरवालला 'डुबकी किंग' म्हणतात. साखळीच्या हाताखालून खाली वाकून निसटायचं, हा त्याचा डाव. २०१७ च्या पाचव्या सीझनमध्ये पाटणा पायरेट्सकडून त्यानं २६ सामन्यांत ३६९ रेड पॉइंट काढले. एका सीझनचा हा विक्रम आहे. त्याच सीझनमध्ये हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्यानं एका सामन्यात ३४ पॉइंट घेतले. त्यातल्या एका रेडमध्ये समोरचे सहाच्या सहा जण बाद केले. लोणचे दोन धरून एका रेडमध्ये आठ पॉइंट!

पाटण्यानं तिसरा, चौथा आणि पाचवा असे लागोपाठ तीन सीझन जिंकले, त्या तिन्ही वेळी प्रदीप संघात होता. पूर्ण कारकिर्दीत १९० सामन्यांत १८०१ रेड पॉइंट. म्हणजे सामन्याला साधारण साडेनऊ.

पवनच्या बाजूनं

पवन सेहरावतची बाजूही हलकी नाही. २०१९ च्या सातव्या सीझनमध्ये त्यानं बंगळुरू बुल्सकडून २४ सामन्यांत ३४६ रेड पॉइंट काढले. एकूण आकड्यात तो प्रदीपच्या मागं आहे. पण सामन्यामागं सरासरी काढा. प्रदीपची २०१७ ची सरासरी १४.२ येते आणि पवनची २०१९ ची १४.४. एकूण बघितलं तर प्रदीप पुढं, सरासरी बघितली तर पवन किंचित पुढं!

एका सामन्यात ३९ रेड पॉइंटचा विक्रमही पवनचाच, तोही हरियाणा स्टीलर्सविरुद्धच. सहाव्या सीझनच्या फायनलमध्ये बंगळुरूनं गुजरातला ३८-३३ असं हरवलं. त्या ३८ पैकी २२ पॉइंट एकट्या पवनचे होते. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतानं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा कर्णधार पवनच होता.

बोली जास्त म्हणजे दर्जा जास्त?

पारावर शेवटी एक मुद्दा हमखास येतो. "अरे, त्याच्यावर दोन कोटींची बोली लागली, उगीच लागली का?"

बोली हा बाजारभाव असतो. त्या दिवशी किती संघांना त्या जागी माणूस हवा आहे आणि कुणाच्या खिशात किती पैसे शिल्लक आहेत, त्यावर तो ठरतो. मोंढ्यात एकाच शेतातल्या मालाला सोमवारी एक भाव आणि गुरुवारी दुसरा मिळतो, तसंच.

तीन उदाहरणं बघा. नवव्या सीझनला तमिळ थलायवाजनं पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि तो पूर्ण सीझन बाहेर बसला. तोच संघ त्या वर्षी पहिल्यांदा सेमी-फायनलला पोचला.

पुढच्या म्हणजे दहाव्या सीझनला तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. ही तेव्हाची विक्रमी बोली. पवननं २०० च्या वर रेड पॉइंट काढले, तरी संघ तळाला राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. हा कोपऱ्यात पकड करणारा. पुणे चॅम्पियन झालं. पुढच्या सीझनला शादलू हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि हरियाणाही चॅम्पियन झाली.

तिसरं उदाहरण खुद्द प्रदीपचं. १८०१ पॉइंटवाल्या या माणसाला २०२५ च्या लिलावात एकाही संघानं घेतलं नाही. त्यानंतर त्यानं निवृत्ती जाहीर केली. बोलीवरून दर्जा ठरवायचा तर प्रदीपची किंमत शून्य म्हणावी लागेल. हे कुणाला पटेल का?

पकड करणाऱ्यांना विसरू नका

फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. प्रो कबड्डीत सगळ्यात जास्त टॅकल पॉइंट त्याच्या नावावर आहेत, ५०० च्या वर. २०१५ मध्ये यू मुंबाकडून, २०१६ मध्ये पाटण्याकडून आणि २०२५ मध्ये दबंग दिल्लीकडून अशा तीन वेगवेगळ्या संघांतून तो विजेता ठरला. प्रदीपच्या चौथ्या सीझनच्या विजेतेपदात कोपरा सांभाळायला हाच फजल होता, हे त्याचे चाहते सोयीनं विसरतात.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर याचा रोकडा हिशोब झाला. भारताकडं नावाजलेले रेडर होते, प्रदीपही होता. सेमी-फायनलला इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. ४० मिनिटांत १८ पॉइंट! समोरच्या पकडीनं आपले रेडर बांधून टाकले. त्याच स्पर्धेत इराणच्या मुलींनी फायनलमध्ये भारताला हरवून सुवर्ण नेलं आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. संघ घडवणाराही यादीत धरायला पाहिजे, तो असा.

आपले महाराष्ट्राचे कोण?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई आठवत असेल. सहाव्या सीझनला यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पहिल्याच सीझनमध्ये त्यानं २१८ रेड पॉइंट काढले. पुढच्या लिलावात किंमत गेली १ कोटी ४५ लाखांवर. नंतर मात्र दुखापतीनं जोर मोडला.

मुंबईच्या रिशांक देवाडिगानं पाचव्या सीझनला यूपी योद्धाकडून एका सामन्यात २८ रेड पॉइंट घेतले. त्याच्याच कर्णधारपदाखाली महाराष्ट्रानं २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, ११ वर्षांनंतर.

आणि नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. दहाव्या सीझनला पुणेरी पलटणचा हा कर्णधार. रेड पॉइंटच्या यादीत पहिल्या पाचात पुण्याचा एकही जण नव्हता. तरी ट्रॉफी पुण्याची आणि सीझनचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम. कारण तो रेड मारतो, पकडीला येतो आणि गरज असेल तेव्हा रिकामी रेड मारून घड्याळही खातो. रिकाम्या रेडचा पॉइंट कुठंच लिहिला जात नाही, पण दोन पॉइंटची आघाडी असताना शेवटच्या मिनिटाला तीच सामना जिंकून देते.

पोरींची यादी का होत नाही?

या सगळ्या वादात एकाही मुलीचं नाव येत नाही, कारण त्यांचे आकडेच नाहीत. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीनं तीन संघांची महिला स्पर्धा झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे आइस दिवाज संघाची कर्णधार होती, स्टॉर्म क्वीन्सनं फायनल एका पॉइंटनं जिंकली. पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरली नाही. अभिलाषाला २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळालेला आहे, २०१२ च्या विश्वविजेत्या संघात ती होती. पण तिची तुलना कुणाशी करायची तर सीझनवार हिशोबच नाही. खेळायला लीग मिळाली असती तर पारावर तिच्या नावानंही भांडणं झाली असती.

मग एक नंबर कोण?

एकच नाव मागाल तर वाद मिटणार नाही. प्रश्न नीट विचारला तर मिटतो.

– सगळ्यात जास्त रेड पॉइंट, लांब पल्ल्याचा रेडर : प्रदीप नरवाल.
– एका सामन्यात, फायनलमध्ये एकट्याच्या जोरावर डाव फिरवणारा : पवन सेहरावत.
– पकड करणारा : फजल अत्राचली. सध्याच्या जोरात शादलू त्याला टक्कर देतो.
– संघ जिंकवून देणारा अष्टपैलू, आपल्या मातीतला : अस्लम इनामदार.

आमच्या मते कोरी वही घेऊन संघ बांधायचा झाला तर पहिलं नाव फजलचं लिहावं. रेडर एखाद्या दिवशी चालतो, एखाद्या दिवशी नाही. कोपरा पक्का असेल तर रेडर न चाललेल्या दिवशीही सामना हातात राहतो.

पुढच्या वेळी वाद घालताना मोबाईलवर प्रो कबड्डीच्या साइटवरची आकडेवारी उघडा आणि चार गोष्टी बघा. एकूण पॉइंटच्या शेजारी सामने किती? सामन्यामागं सरासरी किती? तिसऱ्या म्हणजे 'डू ऑर डाय' रेडमध्ये किती पॉइंट? आणि संघ कुठं पोचला? या चार आकड्यांत अर्धा वाद संपतो.

गावच्या पोरांसाठी

आता पोरांच्या कामाची गोष्ट. प्रो कबड्डीत जाणारा हजारात एखादा. त्याचाही गुडघा किंवा खांदा कधी दगा देईल सांगता येत नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं बोली किंवा रील बघत नाहीत. अधिकृत स्पर्धेतली कामगिरी आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र बघतात. त्यामुळं शाळेच्या, जिल्ह्याच्या अधिकृत स्पर्धा सोडू नका आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा. पैसे देऊन प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी तर बिलकूल लागू नका. पडताळणीत अडकलं तर नोकरीही जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

आणि सरावाला गेलात की एकदा रेडरच्या रांगेतून बाहेर या. डाव्या कोपऱ्यात उभं राहा, घोट्याची पकड शिका. तिथं गर्दी नसते आणि निवड करणाऱ्याला नेमका तोच माणूस हवा असतो.