आमच्या डब्याचे झाकण

गेल्या दिवाळीत सौ.ने चिवड्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "अहो, हे झाकण तुमच्याच कारखान्यातलं ना? मग बसत का नाही?"

झाकण आमचेच होते. भोसरीला माझा प्लॅस्टिकच्या वस्तूंचा लहानसा कारखाना आहे. त्याच आठवड्यात ह्याच झाकणांची पोती एका गिऱ्हाइकाने परत धाडली होती. संक्रांतीच्या आत सरळ झाकणे दिली नसती, तर वर्षभराचे काम हातचे जाणार होते.

झाकण वाकते का? प्लॅस्टिक साधारण २३० अंशांवर वितळवून साच्यात दाबतात आणि थिजेपर्यंत थांबतात. एका नगाच्या वेळातला निम्म्याहून अधिक वेळ बहुधा ह्या थांबण्यातच जातो. साच्यात भोके पाडून त्यांतून पाणी खेळवतात. पण ड्रिल जाते सरळ आणि झाकण असते गोल! जिथे पाणी पोचत नाही तो कोपरा गरम राहतो, तिथले प्लॅस्टिक मागाहून आकसते, आणि झाकण पापडासारखे वाकते.

"बाबा, साच्याचा गाभा कोरू नका, छापा," आमची इंजिनिअर मुलगी म्हणाली. मला हसू आले. पोलाद का कुठे छापतात? पण तिने सगळे समजावून दिले. पोलादाची मैद्यासारखी भुकटी केसाहून पातळ थरात पसरायची, हवी तेवढीच लेसरने वितळवायची, की त्यावर दुसरा थर. असे शेकडो थर. मग पाण्याची वाट झाकणाच्या कडेकडेने हवी तशी वळवता येते. अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये इमॅन्युएल सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच असे साचे करून पाहिले होते. त्यांची रीत मात्र निराळी. भुकटी चिकट द्रवाने सांधायची आणि मग भट्टीत पक्की करायची.

खर्च ऐकून माझी झोप उडाली. तेव्हा गाभ्याचा खालचा भाग नेहमीप्रमाणे यंत्रावर कातून घेतला आणि त्याच्यावर वरचा तेवढा छापवला.

आणि इथेच मी घोटाळा केला. नळीत उरलेली भुकटी पुरती काढल्याखेरीज तुकडा भट्टीत घालायचा नसतो. मुलीने बजावले होते. मी वरवर हवा मारली आणि घातला. भुकटी आत अशी घट्ट बसली, की पाण्याचा थेंब पलीकडे जाईना! पोरगी काही बोलली नाही, तेच अधिक लागले. दुसरा तुकडा सौ.च्या ठेवीतून झाला. ह्या खेपेस तो भट्टीपूर्वी वजन करून पाहिला; आत भुकटी राहिली, तर काटा सांगतो.

पूर्वी एका झाकणाला ४२ सेकंद लागत, आता ३१ लागतात. आणि झाकण सरळ येते. गिऱ्हाईक टिकले. सरळसोट साच्यांना हा थाट मी करणार नाही. तिथे ड्रिलच बरे. शिवाय ह्या वळणदार वाटा बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने तुंबतात, म्हणून शुद्ध पाण्याची टाकी वेगळी ठेवावी लागली.

यंदा चिवड्याच्या डब्याचे झाकण घट्ट बसते. सौ.ची तक्रार एवढीच, की ते उघडायला मला हाक मारावी लागते.