कारागृहातील उपासना : सवलत नव्हे, हक्क

माणूस कारागृहात गेला की त्याचे हिंडणे-फिरणे, जेवणखाण, झोपण्या-उठण्याच्या वेळा अशा साऱ्या गोष्टींवर शासनाचा ताबा येतो. त्याचा देवाशी असलेला संबंध मात्र शासनाच्या ताब्यात जात नाही. हे तत्त्व आज सर्वत्र मान्य असले, तरी कैद्यांना ते सहजासहजी लाभलेले नाही. कारागृहसेवा करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या हक्काला दोन बाजू आहेत आणि त्यांतील दुसरी बाजू थेट सेवकांनाच लागू पडते.

मंडेला नियम काय सांगतात?

नेल्सन मंडेला यांनी आपल्या २७ वर्षांच्या कारावासातील १८ वर्षे रॉबेन बेटावर काढली. तेथे सुरुवातीची दोन वर्षे रविवारच्या उपासनेसाठीही त्यांना कोठडीबाहेर येण्याची मुभा नव्हती. धर्मोपदेशक कोठड्यांच्या रांगेच्या टोकाशी उभा राहून प्रवचन करी आणि कैदी गजांआडून ऐकत. पुढे उपासना अंगणात होऊ लागली. मंडेला स्वतः मेथडिस्ट पंथाचे. तरीही निरनिराळ्या पंथांचे धर्मोपदेशक येत, तेव्हा त्या सर्वांच्या उपासनेला आपण जात असू, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

कैद्यांना द्यावयाच्या वागणुकीचे किमान नियम प्रथम १९५५ साली तयार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी त्यांची सुधारित आवृत्ती संमत केली आणि तिला मंडेला यांचे नाव दिले. त्यांतील ६५ व ६६ क्रमांकांचे नियम धर्माविषयी आहेत. एखाद्या धर्माचे पुरेसे कैदी असतील, तर त्या धर्माच्या पात्र प्रतिनिधीची नेमणूक करावी किंवा त्याला मान्यता द्यावी. त्याला नियमित उपासना घेता यावी आणि कैद्याला एकांतात भेटता यावे. कैद्याला आपले धर्मग्रंथ जवळ बाळगता यावेत, असे हे नियम सांगतात. कोणत्याही कैद्याला धर्मगुरूची भेट नाकारता येत नाही. मात्र त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे, की कैद्याला अशी भेट नको असेल, तर त्याच्या इच्छेचा पूर्ण आदर राखला पाहिजे. भेट मिळण्याचा आणि भेट नाकारण्याचा असे दोन्ही हक्क येथे एकत्र नांदतात.

अल्पसंख्य कैद्याची कसोटी

बहुसंख्य कैद्यांच्या धर्माची सोय बहुधा आपोआप होते. हक्काची खरी परीक्षा होते ती एकट्यादुकट्या कैद्याच्या बाबतीत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू धर्मोपदेशक सरकारी खर्चाने नेमलेले होते. तेथील एका बौद्ध कैद्याची तक्रार अशी, की त्याला प्रार्थनागृह वापरू दिले जात नाही, आपल्या धर्मगुरूशी पत्रव्यवहार करू दिला जात नाही आणि इतरांना बौद्ध साहित्य दिले म्हणून एकांतकोठडीत डांबण्यात आले. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तक्रार खरी असेल, तर हा उघड भेदभाव ठरतो. प्रत्येक पंथाला सारखीच वास्तू व सारखेच सेवक देणे बंधनकारक नाही. पण श्रद्धेनुसार जगण्याची वाजवी संधी मात्र इतरांच्या तोडीची हवी, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

सुरक्षेचे कारण नेहमीच पुढे केले जाते आणि ते पुष्कळदा योग्यही असते. परंतु ते तपासून पाहावे लागते. आर्कान्सास राज्यातील एका मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी राखावयाची होती. दाढीत वस्तू लपवता येतील, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. डोक्यावरील केसांना जेथे परवानगी आहे, तेथे एवढ्याशा दाढीला बंदी कशासाठी, असा विचार करून न्यायालयाने २०१५ साली एकमताने कैद्याच्या बाजूने निकाल दिला.

आपल्या देशात

भारतीय संविधानाचे २५ वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून सर्वांना धर्मस्वातंत्र्य देते. कैदीही त्यातून वगळलेले नाहीत. कारागृहातील धर्मचिंतन किती समृद्ध असू शकते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. विनोबांची 'गीताप्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली.

आणखी एक वास्तव लक्षात ठेवले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे चारांतील तिघे न्यायाधीन होते. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नव्हता. अशा माणसांपुढे उभे राहून केवळ पश्चात्तापाचे प्रवचन करणे अन्यायाचे ठरेल. आधी त्यांचे ऐकून घेतले पाहिजे.

सेवकांची जबाबदारी

बंदिवानाला उठून निघून जाता येत नाही. म्हणून बाहेर जे साधे निमंत्रण वाटते, ते आत दडपण ठरू शकते. फराळाचा पुडा, वकिलाची ओळख, घरच्यांना निरोप अशी मदत प्रार्थनेला बसण्याच्या अटीवर दिली, तर ती सेवा राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात हेच बजावले आहे : श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नसावी आणि विशेषतः दीनदुबळ्यांशी वागताना सक्तीची छायाही पडू नये.

पोप फ्रान्सिस यांनी निवडीनंतर अवघ्या पंधरवड्यात, २८ मार्च २०१३ रोजी, पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी रोममधील कासाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या कारागृहात केला. ज्या १२ तरुण बंदींचे पाय त्यांनी धुतले, त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही होते.

आपणही याच वाटेने जावे. मुस्लिम बंदिवानाला कुराणाची प्रत हवी असेल, बौद्ध बंदिवानाला भंतेजींची भेट हवी असेल, तर ती विनंती अधीक्षकांपर्यंत पोहोचवणे हेही ख्रिस्ती सेवकाचेच काम आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात, अंतिम न्यायाच्या वेळी, राजा तुरुंगातील भेटीचा हिशेब मागतो. भेटलेल्या कैद्याचा धर्म मात्र तो विचारत नाही.