जुन्या संगणकाचा ताप

दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी हप्त्यावर घेतलेला आणि आता आजोबांच्या पेन्शनच्या कागदांपासून नातीच्या प्रकल्पापर्यंत सगळे निभावणारा टेबलावरचा संगणक अजून बऱ्याच घरांत आहे. पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीमागेही तोच असतो. काम तो करतो, पण कुरकुरत. सुरू केल्यावर पाच मिनिटांत पंखा घोंघावू लागतो, दुपारी पेटीच्या मागे गरम झळा लागतात आणि मे महिन्यात एखाद्या दिवशी तो काही न सांगता बंद पडतो. दुरुस्तीवाला पेटी न उघडताच सांगतो, ‘मशीन जुनं झालंय, नवीन घ्या.’ रुग्णाला न तपासता वयाकडे बोट दाखवावे, तसेच हे. प्रत्यक्षात तापणे आणि आवाज या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, आणि ते दूर करायला पाचशे रुपयेही पुष्कळदा जास्त होतात.

आवाजाचे आधी पाहू, कारण तो माणसाच्या तब्येतीशी थेट जोडलेला आहे. दोन खोल्यांच्या घरात संगणक असतो तिथेच कुणीतरी झोपलेलेही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत रात्री सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा. धुळीने जड झालेला आणि पूर्ण वेगाने फिरणारा छोटा पंखा ही मर्यादा सहज ओलांडतो. शिवाय डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. या आवाजाने बहिरेपण येईल अशी भीती घालण्याचे कारण नाही. त्यासाठी ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षे कानावर पडावा लागतो. पण झोप उथळ होते, मध्येच चाळवते आणि सकाळी उठल्यावर अंग जड वाटते. पाळीच्या नोकरीमुळे दिवसा झोपणाऱ्याला किंवा मुळातच झोप कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाला हा त्रास अधिक होतो. बारावीचे पोर रात्री जागून अभ्यास करते आणि त्याच खोलीत आजी कूस बदलत राहते, हे चित्र काही दुर्मीळ नाही.

पंखा एवढा का ओरडतो, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओ जातीच्या बहुतेक प्रोसेसरना कामाच्या भरात ६५ वॉटपर्यंत उष्णता बाहेर टाकावी लागते. त्याआधीचे काही पेंटियम फोर तर १०० वॉटच्याही वर जात. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता निघते. ती प्रोसेसरवर बसवलेल्या, पातळ पात्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात चढते आणि पंख्याची हवा ती घेऊन जाते. समजा, या व्यवस्थेत दर वॉटमागे तापमान अर्धा अंश चढते. मग ६५ वॉटला प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा साधारण ३२ अंशांनी गरम राहील. खोलीत २८ अंश असतील तर ६०. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात खोलीतच ४० अंश असतील तर ७२. तेही चालून जाते. आता पात्यांमध्ये धुळीचा थर बसला आणि अर्ध्याचे ०.८ झाले, तर तोच प्रोसेसर हवेपेक्षा ५२ अंशांनी वर जाईल. चाळीस अधिक बावन्न म्हणजे ९२ अंश सेल्सिअस.

इतके तापल्यावर प्रोसेसर जिवावर बेतू नये म्हणून स्वतःचाच वेग कमी करू लागतो आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर संगणक बंद होतो. ‘मशीन मंद झालं’ ही तक्रार कित्येकदा या तापाचीच असते. पंख्याचा आरडाओरडा हे लक्षण आहे, रोग नव्हे. पंख्याची वायर काढून शांतता मिळवणारे महाभागही भेटतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

उपचाराआधी ताप मोजावा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली की बायोसचा पडदा येतो. त्यात प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. काम चालू असतानाचा आकडा हवा असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. कामाच्या भरात ६० ते ७० अंश असतील तर चिंता नाही. सतत ८५ च्या वर असेल, तर पेटी उघडायची वेळ झाली. आकडा, तारीख आणि खोलीचे तापमान वहीत लिहून ठेवावे, म्हणजे नंतर केलेल्या खटपटीचा उपयोग झाला की नुसते समाधान मिळाले, ते कळते.

पहिला उपाय फुकटचा आहे. आपल्याकडच्या संगणकाच्या टेबलांना पेटी ठेवायला एक बंदिस्त कप्पा असतो. (या पेटीलाच आपण सीपीयू म्हणतो, खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर.) त्या कप्प्यात मागे भिंत, बाजूला फळी आणि वर अनेकदा भरतकाम केलेले आच्छादन. मागून निघालेली गरम हवा फिरून पुढूनच आत ओढली जाते. पेटी कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून थोडी उंच ठेवली, तरी फरक पडतो. पेटीचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्याची युक्ती मात्र दोन दिवसांची आहे. तापमान उतरते, पण आवाज वाढतो, धूळ दुप्पट बसते, आणि लहान मुलांची बोटे नि पालीची शेपटी यांना वाट मोकळी होते.

मग धूळ. पंख्याच्या खाली, पात्यांच्या तोंडाशी ती नमद्यासारखी दाटलेली असते. तिच्यात कपड्यांचे तंतू, माणसाच्या कातडीचे सूक्ष्म पापुद्रे, रस्त्यावरची माती, उदबत्तीची राख असे सगळे असते; म्हणजे घरातली माणसे जी हवा घेतात, तिचाच हा गाळ. म्हणून ती खोलीत उडवू नये. पेटी गच्चीत किंवा अंगणात न्यावी, तोंडाला एन-९५ मास्क लावावा आणि ज्याला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर फुंकर किंवा ब्लोअर वापरू नये. हातमोजे घालून ओल्या फडक्याने त्या आधी पुसून घ्याव्यात, मात्र ते फडके बोर्डाला लागू देऊ नये. बाकी धुळीसाठी रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश आणि हातपंप किंवा ब्लोअर पुरे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो नको इतक्या वेगाने फिरून खराब होतो.

त्याआधी वायर भिंतीतून काढलेली असावी आणि काढल्यावर चालू करायचे बटण एकदा दाबून आतली शिल्लक वीज जाऊ द्यावी. वीजपुरवठ्याचा जो वेगळा पत्र्याचा डबा असतो, तो कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा आत सुमारे ३२५ व्होल्टला साठवला जातो आणि वायर काढल्यावरही काही काळ तो तिथेच असतो. डब्याची धूळ बाहेरूनच, जाळीतून उडवावी. रस्त्यालगतच्या घरात ही सफाई तीन-चार महिन्यांनी लागते, एरवी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर.

सफाईनंतरही आकडा उतरला नाही तर खरे दुखणे ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या सांध्यात असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावलेली असते. चांगली पेस्ट हवेच्या शेकडो पट उष्णता पुढे नेते. दहा वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. ठोकळा काढण्यापूर्वी संगणक पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावा, म्हणजे उरलीसुरली पेस्ट मऊ होते. मग ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. सरळ वर ओढला तर काही संगणकांत प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो. जुनी पेस्ट औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर इथे चालत नाही, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते मागे राहतात. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा हे काम गॅसच्या किंवा देवघराच्या जवळ नको. नवी पेस्ट तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावली की जास्त गारवा, हा समज चुकीचा. टूथपेस्ट लावून बघणारे हौशी आहेत. ती काही दिवसांत वाळते आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

इंटेलच्या त्या काळच्या संगणकांत आणखी एक जागा हमखास तपासावी. ठोकळा चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बोर्डावर अडकवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने किंवा पेटी हलवताना एखादी खुंटी सुटते, ठोकळा एका बाजूने केसभर उचलला जातो आणि तापमान एकदम चढते. खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने पाव फेरा देऊन वर ओढली की ती निघते. बसवताना उलट पाव फेरा देऊन, कर्णावरच्या समोरासमोरच्या दोन-दोन खुंट्या ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात. सैल खुंटी घट्ट बसवायला एक रुपयाही लागत नाही.

तापमान उतरल्यावर आवाज बहुधा आपोआप कमी होतो. तरीही घरघर राहिलीच, तर ती नेमकी कशाची आहे ते शोधावे लागते. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. तीच सुरळी इथे कामाला येते. वर्तमानपत्राच्या सुरळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे पेटीतल्या एकेका भागाजवळ धरावे. सुरळी फिरत्या पात्यांना लागू देऊ नये आणि हात आत घालू नये. करकर एकाच पंख्यातून येत असेल तर त्याचे वंगण वाळले आहे. साध्या पंख्यांच्या मध्यावरचा कागद अर्धा उचलून आत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, की महिनोन्‌महिने तो शांत होतो. खोबरेल नको. ते २४ अंशांच्या खाली थिजते आणि पुढे चिकट होते.

पंखा कामातूनच गेला असेल तर नवा घेताना, पेटीत जागा असल्यास, मोठा घ्यावा. ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते, त्यामुळे तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. पंख्याच्या फेऱ्यांचा आवाजाशी संबंध फार तीव्र आहे: वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. बायोसमध्ये तापमानानुसार पंख्याचा वेग बदलण्याची सोय असते आणि ती अनेकदा बंदच असते. ती चालू करावी.

आवाज पंख्याचा नसून एकसुरी गुणगुण असेल, तर ती हार्ड डिस्कची. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हा कंप पत्र्याच्या पेटीत घुमतो. डिस्कच्या स्क्रूंखाली रबरी चकत्या बसवल्या की तो बराच दबतो. एसएसडी बसवली तर आवाज पूर्ण जातो आणि संगणकही चपळ होतो, पण तो खर्च पाचशेच्या पलीकडचा. डिस्कमधून ‘कट-कट’ असा आवाज येत असेल तर मात्र रबराचा विचार सोडून त्याच दिवशी फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

अनेकदा प्रोसेसर रिकाम्या कामाने दमलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये कुणी काहीच करत नसताना ५०-६० टक्के वापर दिसला, तर नको असलेले प्रोग्राम किंवा व्हायरस शोधावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्याने जुन्या संगणकांत हा धोका वाढला आहे. हलक्या वजनाचे लिनक्स त्यावर मोफत उतारा ठरू शकते. कोअर आय-फाइव्ह, आय-सेव्हनमध्ये विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुधा टर्बो बंद होतो. पत्र टाइप करायला टर्बो लागत नाही, आणि उष्णता मात्र लक्षणीय घटते.

हे सगळे करताना बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांकडे, म्हणजे कपॅसिटरकडे, एक नजर टाकावी. त्यांच्यात द्रव असतो आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यांचे माथे सपाट हवेत. माथा फुगलेला किंवा तपकिरी ओघळ दिसला, तर धूळ-पेस्टच्या उपायांनी काही होणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत चौकशी केली तर कपॅसिटर बदलून देणारा कारागीर भेटू शकतो. तो नाही म्हणाला, तर डिस्क काढून घ्यावी आणि पेटी भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी.