एबीएसचा पिवळा दिवा: मॉड्यूल बदलायच्या आधी काय काय तपासायचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा गाडीखाली बसून हातात मोबाईल धरूनच काम करायचं आहे, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

आजचा प्रश्न हिंगणघाटच्या एका श्रोत्याचा. त्याने जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस घेतली. 2004 च्या सुमारास आपल्याकडे आलेली, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवर. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडलेली ही गाडी त्या काळातल्या पोरांचं स्वप्न होती. आता डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागलाय आणि मेकॅनिक म्हणतोय, "भाऊ, मॉड्यूल गेलं. नवीन टाका." खर्च ऐकून श्रोता विचारतो, "गाडी विकून टाकू का?"

थांब रे बाबा. आधी निदान करू. लिनिया टी-जेट असो की पोलो जीटी, जुन्या वेगवान गाडीत तपासायची पद्धत हीच.

आधी दिवा नीट बघा

फक्त पिवळा एबीएस दिवा लागला असेल, तर साधे ब्रेक चालू आहेत. जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं, एवढाच फरक. पण सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर गाडी चालवायची नाही. आधी हँडब्रेक नीट सुटलाय का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे ते बघा. पातळी कमी असेल तर गळती शोधा. ती ठीक असूनही दोन्ही दिवे लागले असतील, तर मागच्या-पुढच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद असू शकते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते.

एबीएस करतं काय?

1978 साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं. कल्पना आजही तीच आहे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय रिंगवरून वेग मोजतो. चारपैकी एक चाक अचानक बाकीच्यांपेक्षा फार हळू झालं, की मॉड्यूलला कळतं, हे लॉक व्हायला आलंय. मग ते त्या चाकाचा ब्रेकदाब सेकंदाला अनेक वेळा सोडतं आणि पुन्हा देतं. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळे.

याचा खरा फायदा म्हणजे स्टिअरिंग हातात राहतं. लॉक झालेलं चाक वळत नाही, सरळ घसरत जातं. बोरच्या जंगलाकडच्या रस्त्यावर रात्री रोही आडवा आला, तर ब्रेक दाबूनही गाडी बाजूला काढता यावी, यासाठी एबीएस. सुट्या मुरुमावर मात्र एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं. म्हणून "एबीएस आहे ना" म्हणून बिनधास्त व्हायचं नाही.

पहिली फेरी: फुकटच्या तपासण्या

एक, बॅटरी. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल स्वतःला बंद करून दिवा लावतं. गाडी बंद असताना साधारण साडेबारा आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात, हे लक्षात ठेवा.

दोन, फ्यूज. एबीएसला एकापेक्षा जास्त फ्यूज असतात. छोटा केबिनमध्ये, आणि पंपाचे जाड फ्यूज बहुतेक बॉनेटखाली. या ऑक्टेव्हियाच्या घराण्यात बॅटरीच्या वरच्या फ्यूजपेटीत उष्णतेने प्लास्टिक वितळणं हा ओळखीचा आजार आहे. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरने तपासा.

तीन, टायर. पुढे एका मापाचे, मागे दुसऱ्या मापाचे टायर असतील, तर चाकांचे वेग कायम वेगळे दिसतात आणि मॉड्यूल गोंधळतं. "लुक"साठी अलॉय बदललेल्या गाड्यांत हे पहिलं बघा.

चार, उंदीर. अंगणात महिनाभर उभ्या गाडीची वायर कुरतडलेली असणं आपल्याकडे काही नवल नाही.

दुसरी फेरी: कोड वाचा

ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं. त्यात "नो फॉल्ट" आलं म्हणजे एबीएस ठीक, असा अर्थ होत नाही. एबीएस मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडीसाठी व्हीसीडीएस चालतं.

या कुटुंबातल्या जुन्या गाड्यांचे कोड असे: 00283 म्हणजे पुढचं डावं चाक, 00285 पुढचं उजवं, 00287 मागचं उजवं, 00290 मागचं डावं. 01276 म्हणजे हायड्रॉलिक पंप, आणि 01435 म्हणजे ब्रेकदाबाचा सेन्सर, तो ज्या गाड्यांत असतो त्यांच्यात.

कोडचा फोटो काढून ठेवा, मग तो पुसा आणि थोडं चालवा. जो परत येतो, तोच खरा पाहुणा.

तिसरी फेरी: कोड चाकाचा असेल तर

बहुतेक जण इथेच घाई करतात. "पुढचं डावं" असा कोड आला म्हणजे त्या बाजूचा सेन्सरच गेला असं नाही. त्या चाकाचा सिग्नल नीट पोचत नाहीये, एवढंच कोड सांगतो. कारणं चार: सेन्सर, वायर, रिंग, बेअरिंग.

गाडी जॅकवर घ्या, पण स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. चाक काढून सेन्सरची वायर तपासा. स्टिअरिंग वळताना आणि सस्पेन्शन हलताना जिथे ती वाकते, तिथे आतली तार तुटते आणि वरचं रबर साबूत दिसतं. वायर हलवत मीटर बघा.

सेन्सर दोन जातीचे असतात. जुन्या जातीत नुसती कॉइल असते. तिचा रेझिस्टन्स साधारण एक ते दोन किलो-ओहम दिसतो आणि चाक हाताने फिरवलं की मीटरवर थोडं एसी व्होल्टेज येतं. नव्या जातीला मॉड्यूलकडून वीज लागते. तो ओहमवर तपासायचा नाही. आपल्या गाडीत कोणती जात आहे, ते चेसिस नंबरवरून पार्टच्या दुकानात विचारून घ्या.

मग रिंग. तिला तडा गेला असेल, गंज चढून फुगली असेल किंवा दातांत आपल्या काळ्या मातीचा चिखल वाळून बसला असेल, तर सिग्नल मधेच तुटतो. याचं लक्षण मजेशीर आहे. कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता, दहाच्या वेगाला पेडल उगाच थरथरतं.

आणि बेअरिंग. अलीकडच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय रिंग असते. बेअरिंग उलटं बसवलं किंवा त्या बाजूवर हातोडी मारली, की सेन्सर आंधळा होतो. दिवा जर बेअरिंगच्या कामानंतरच लागला असेल, तर आणखी कुठे शोधायची गरज नाही.

स्कॅनर असेल तर सगळ्यात भारी परीक्षा म्हणजे लाईव्ह डेटा. मित्राला शेजारी बसवा, मोकळ्या मैदानात सरळ वीसच्या वेगाने गाडी चालवा आणि चारही चाकांचे आकडे बघा. तीन वीस दाखवतात आणि एक मधेच शून्यावर पडतो? सापडला चोर!

शेवटची फेरी: मॉड्यूल

आता मॉड्यूलकडे वळा. कोड पंपाचा किंवा खुद्द मॉड्यूलचा आहे, फ्यूज आणि अर्थ चांगले आहेत, पंपापर्यंत वीज येते, तरी दोष जात नाही. मग संशय रास्त. त्या काळच्या अनेक युरोपीय मॉड्यूलमध्ये आतले सोल्डरचे जोड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतात. म्हणूनच गाडी थंड असताना दिवा नसतो आणि तापल्यावर लागतो.

अशा वेळी भंगारातलं दुसरं मॉड्यूल टाकणं धोक्याचं. तेही तितकंच जुनं असतं आणि त्याचं कोडिंग आपल्या गाडीशी जुळेलच असं नाही. स्वतःचंच मॉड्यूल चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिराकडून दुरुस्त करून घेणं अनेकदा स्वस्त आणि खात्रीचं पडतं. हायड्रॉलिक ब्लॉक उघडला असेल, तर नंतर ब्रेकमधली हवा स्कॅनरच्या मदतीने काढावी लागते. हे घरचं काम नाही.

ब्रेक ऑइलही बघा. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. शिवाय ते पाणी ब्लॉकच्या आतले व्हॉल्व्ह गंजवतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं, तर महागडा ब्लॉक वाचतो.

गाडी घेताय? दहा सेकंदांची परीक्षा

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळात विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही, तर खूश होऊ नका. दिवा काढून टाकलेला असू शकतो. विकणाऱ्याला तिथेच विचारा.

आणि दिवा त्रास देतो म्हणून फ्यूज काढून ठेवायचा सल्ला कोणी दिला, तर हात जोडून नाही म्हणा.

दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा. येळाकेळीहून समृद्धीवर चढून एकशेवीस गाठायचा मोह आवरा. जूनच्या पहिल्या पावसात तर जास्तच, कारण धूळ आणि तेल मिसळून रस्ता साबणासारखा होतो. चाक लॉक झालं असं वाटलं, तर पेडल किंचित सोडा, गाडी वळवा, पुन्हा दाबा.

हिंगणघाटच्या भावा, गाडी विकू नकोस. आधी बॅटरी, फ्यूज, कोड आणि चार चाकं, या क्रमाने जा. बाकीच्यांनीही आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि कोड आम्हाला पाठवा. नुसतं "दिवा लागतो" असं लिहू नका बरं का! पुढच्या भागात भेटू.