घरबांधणीचा अंदाज आणि व्यापाऱ्याची पत

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. लग्नाचा खर्च निदान चार दिवसांत आटोपतो. घराचा खर्च मात्र वर्ष-दीड वर्ष रोज दाराशी उभा असतो. तथापि पै-पैचा हिशेब वहीत मांडणारा व्यापारी स्वतःच्या घराच्या बाबतीत कंत्राटदाराच्या तोंडी आकड्यावर विसंबतो. मग स्लॅबपर्यंत येता येता हात आखडतो, दुकानातील खेळते भांडवल विटांत अडकते, माल देणाऱ्या पेढ्यांचे वायदे चुकतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत अर्धवट भिंतींपायी पणाला लागते. म्हणूनच अंदाजपत्रक ही इंजिनिअराइतकीच घरमालकानेही समजून घेण्याची गोष्ट आहे.

अंदाज काढण्याच्या रीती दोन. पहिली ढोबळ : चौथऱ्याचे क्षेत्रफळ गुणिले दर चौरस फुटाचा चालू दर. घर बांधावे की न बांधावे, किती खोल्यांचे बांधावे, एवढे ठरविण्यास ती पुरेशी आहे. दुसरी तपशीलवार : खोदाई, पाया, विटकाम, काँक्रीट, गिलावा, फरशी अशा प्रत्येक बाबीचे नकाशावरून मोजमाप घेऊन त्यास त्या त्या बाबीचा दर लावणे. करार करावयाचा तो या दुसऱ्या अंदाजावरच.

उदाहरणार्थ, १,००० चौरस फुटांचा व ५ इंच जाडीचा स्लॅब घेऊ. त्याचे काँक्रीट सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर होते. १ : १॥ : ३ या प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे ५० किलोची सुमारे ८ पोती सिमेंट लागते, म्हणजे एकंदर ९४-९५ पोती. घनमीटरमागे ८० किलो धरल्यास सळई सुमारे ९४५ किलो. तुळया व खांब यांचा हिशेब निराळा. एवढे गणित हाती असले, म्हणजे दीडशे पोत्यांची मागणी आल्यास खुलासा विचारता येतो.

सर्वांत फसवा खर्च जमिनीखालचा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेस तांबडी माती, तर पूर्वेकडे काळी. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे पाया खोल न्यावा लागतो किंवा तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवावे लागतात. म्हणून नकाशा पक्का करण्यापूर्वी जागेवर खड्डा घेऊन माती तपासावी.

मापात सावध राहणे तर आपला धर्मच. वाळू ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने मिळते. परंतु किंचित ओली वाळू फुगून तिचे आकारमान पाव हिश्श्यानेही वाढते. कोरड्या वाळूच्या भावाने ती घेणारा तेवढा तोट्यात जातो. सळईच्या जाडीच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले, की एका मीटरचे किलोतील वजन निघते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरली पाहिजे.

काही रकमा कंत्राटदाराच्या कागदावर नसतातच : नकाशाची मंजुरी, इंजिनिअराचे मानधन, वीज व पाण्याची जोडणी, कूपनलिका, कुंपणाची भिंत. सामाजिक सुरक्षा संहितेन्वये बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी खर्चाच्या किमान १ टक्का उपकर पडतो. स्वतःच्या राहत्या घरास ५० लाख रुपयांपर्यंतच सूट आहे. कर बदलला की अंदाजही बदलतो. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीची अंदाजपत्रके पुन्हा मांडून घेणे हिताचे.

या सर्वांवर निदान दहा टक्के रक्कम अकल्पित खर्चासाठी राखून ठेवावी. पैसे टप्प्याटप्प्याने, चौथरा, स्लॅब, गिलावा यांची मोजणी झाल्यावरच द्यावेत. काम चालू असता भिंत सरकविण्याचा किंवा खोली वाढविण्याचा मोह आवरावा आणि बदल करावयाचाच, तर त्याचा खर्च आधी कागदावर लिहून घ्यावा. एकंदर बेरीज आवाक्याबाहेर जात असेल, तर कागदावरची एक खोली आजच कमी करावी. कागदावरची रेघ खोडण्यास काही पडत नाही. दुकानाचे भांडवल मोडून बांधलेली खोली मात्र फार महाग पडते.